विशेष मुलांसोबत एक दिवसाची सहल : नियोजन, तयारी आणि काळजी

सुट्टी लागली की घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. मात्र ज्या घरात स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी असलेले अथवा दृष्टी वा श्रवणाची अडचण असलेले मूल आहे, तेथे हा विषय अनेकदा निघण्यापूर्वीच मिटतो. 'त्याला सांभाळायचे कसे', 'लोक काय म्हणतील', 'मध्येच काही झाले तर' या प्रश्नांना उत्तर नसते. मग बाबा एका मुलाला घेऊन बाहेर जातात आणि आई दुसऱ्याजवळ घरी थांबते. वर्षानुवर्षे असेच चालत राहिले की त्या मुलाचे जग घर, शाळा आणि उपचार केंद्र एवढ्या तीन ठिकाणांपुरते आक्रसते. त्याच्याबरोबर आईचेही जग लहान होत जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती आहेत. प्रत्यक्षात बागेत, प्राणिसंग्रहालयात वा समुद्रकिनारी त्यांतील किती मुले दिसतात, याचा विचार केला तर या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. सहल सुखरूप पार पडण्यात नशिबाचा वाटा थोडा आणि नियोजनाचा मोठा असतो. त्या नियोजनाची दिशा देण्याचा हा प्रयत्न.

हौस नव्हे, हक्क

विरंगुळा ही चैन आहे, आधी उपचार आणि शिक्षण, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. कायद्याची भूमिका तशी नाही. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत खेळ व विरंगुळा हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला आहे. २००७ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क संहितेतही दिव्यांग मुलांना खेळ आणि करमणुकीत इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, स्नायूंचा ऱ्हास, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचाही समावेश झाला. याच कायद्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवन व करमणूक यांच्याशी संबंधित आहे. सार्वजनिक जागा सुगम करण्याचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

कागदावरचा हक्क प्रवेशद्वारापर्यंत पोहोचतोच असे नाही. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका विशेष मुलाला विमानात बसू देण्यास नकार मिळाला होता. त्या प्रकरणी विमान कंपनीला पाच लाख रुपयांचा दंड झाला. विमानतळावरील डॉक्टरांनी तपासल्याशिवाय असा नकार देता येणार नाही, अशी दुरुस्तीही पुढे नियमांत करण्यात आली. सांगायचे एवढेच की, तिकीट खिडकीवर किंवा दारात अडवणूक झाली तर पालकांनी ओशाळून मागे फिरण्याचे कारण नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वा युडीआयडी कार्डाची प्रत जवळ ठेवावी आणि शांतपणे व्यवस्थापकाला बोलवावे.

सुरुवात मुलापासून

'कुठे जायचे' हा प्रश्न दुसरा. 'आपल्या मुलाला काय झेपते आणि काय आवडते' हा पहिला. एकाच निदानाची दोन मुले सारखी नसतात, तरीही काही बाबी आधीच ध्यानात घ्याव्यात.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांना मोठा आवाज, लखलखता प्रकाश, गर्दीतील धक्के किंवा उग्र वास सहन होत नाहीत. काहींना याउलट झोके घेणे, गोल फिरणे, पाण्यात खेळणे यातून शांतता लाभते. या मुलांना पाण्याचे आकर्षण असण्याची शक्यता मोठी असते आणि धोक्याची जाणीव त्या मानाने कमी असते. त्यामुळे तलाव, कारंजे वा समुद्र जवळ असेल तर एका मोठ्या माणसाने केवळ त्याच्यावरच लक्ष ठेवावे.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असतात. मानेला हिसका देणारे वेगवान पाळणे, उसळत्या जाळ्यांवरील उड्या, कोलांट्या हे सारे डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू देऊ नये. हृदयाचा दोष असल्यास चढण आणि दमणूक यांचाही विचार करावा लागतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी बसण्याचा आधार आणि खाण्याचा पोत महत्त्वाचा ठरतो. बाहेरचे कोरडे, कडक खाणे घशात अडकू शकते. धावत्या वाहनात किंवा आडवे असताना त्यांना भरवू नये. स्नायूंचा ऱ्हास होत असलेल्या मुलाला 'अजून थोडे चाल' असा आग्रह धरू नये. चालता येत असले तरी लांबच्या अंतरासाठी चाकाची खुर्ची सोबत असावी.

कण्याच्या जन्मजात दोषामुळे ज्यांच्या पायांत संवेदना नाही, त्यांना उन्हात तापलेली घसरगुंडी किंवा देवळाच्या आवारातील फरशी भाजते, पण ते त्यांना कळत नाही. अशा मुलांमध्ये रबराची म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जीही बऱ्याचदा आढळते. जत्रेतला साधा फुगादेखील त्यांना त्रासदायक ठरू शकतो. फिट येणाऱ्या मुलांना दिली जाणारी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही औषधे घाम कमी करतात, त्यामुळे उन्हात शरीर लवकर तापते. सिकलसेल असलेल्या मुलाला पाणी कमी पडणे आणि एकदम गारठा लागणे हे दोन्ही बाधते. म्हणून त्याला सतत पाणी द्यावे आणि गार पाण्यात डुंबणे टाळावे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांच्या बॅटऱ्यांचा जादा संच आणि पाण्याच्या खेळांपूर्वी यंत्र ठेवण्यासाठी कोरडी डबी जवळ हवी. कॉक्लिअर इम्प्लांट असल्यास प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर जाण्यापूर्वी बाहेरचे उपकरण काढून ठेवणे इष्ट, कारण घर्षणातून निर्माण होणारी स्थिर वीज त्याला अपाय करू शकते. दृष्टिहीन मुलासाठी 'पाहण्याच्या' जागेपेक्षा स्पर्श, आवाज आणि वास यांनी समृद्ध असलेली जागा निवडावी.

जागेची निवड

पहिली सहल जवळची आणि छोटी असावी. घरापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल आणि वाटेल तेव्हा परतता येईल, असे ठिकाण उत्तम. शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी, दरवाजे उघडताच आत जावे. गर्दी निम्मी झाली की अडचणीही निम्म्या होतात.

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग सपाट आणि गर्द सावलीची आहे. तिला बुधवारी सुट्टी असते. तेथे २०१७ पासून असलेला पेंग्विन कक्ष मुलांना आवडतो, परंतु बंदिस्त जागा आणि गर्दी यांचा त्रास होणाऱ्या मुलाला तेथे सर्वांत आधी, रांग लागण्यापूर्वी न्यावे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. तेथील बरीचशी मांडणी हात लावून, फिरवून, ढकलून पाहण्याजोगी आहे. 'हात लावू नको' हे वाक्य दिवसभर ऐकणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच मोकळीक. नेहरू तारांगणातील अंधार आणि घुमणारा आवाज मात्र सर्वांनाच मानवेल असे नाही.

पुण्यात कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय विस्तीर्ण आहे. तेथे बॅटरीवर चालणारी वाहने मिळतात. तेही बुधवारी बंद असते. आगगाड्यांचे वेड असलेल्या मुलांसाठी कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय ही आगळी जागा आहे. १९९८ पासून सुरू असलेल्या या संग्रहालयात छोट्या गाड्या, सिग्नल, रूळ हे सारे चालताना पाहता येते. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानाची जपानी धर्तीची रचना शांतता हव्या असलेल्या मुलाला रमवणारी आहे. पाणी असल्याने तेथे लक्ष मात्र ठेवावे लागते.

याउलट घारापुरीसारखे ठिकाण चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी कठीण आहे. डोलणाऱ्या बोटीत चढणे-उतरणे आणि पुढे शंभराहून अधिक पायऱ्या, याची कल्पना असेल तरच तो बेत करावा. सोमवारी लेणी बंद असतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, हेही लक्षात असू द्यावे.

समुद्रकिनाऱ्यावर जाताना भरती-ओहोटीची वेळ पाहावी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू चाकाच्या खुर्चीला बऱ्यापैकी पेलते, कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र चाके रुततात.

दूरध्वनीवर विचारायचे प्रश्न

'तुमच्याकडे दिव्यांगांसाठी सोय आहे का' असे विचारले की 'आहे' असे उत्तर मिळते आणि तेथे गेल्यावर दोन पायऱ्यांवर टाकलेली एक फळी दिसते. म्हणून प्रश्न नेमके असावेत. प्रवेशापासून आतपर्यंत एकूण पायऱ्या किती? उतरण किती लांबीची आहे? एक फूट उंची चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीची उतरण हवी, हा सर्वसाधारण निकष आहे. त्याहून तीव्र उतारावर खुर्ची ढकलणे धोक्याचे असते. स्वच्छतागृहाचे दार किती रुंद आहे? आपल्या खुर्चीची रुंदी घरीच मोजून ठेवावी. डबा आणू देतात का? वाहन आतपर्यंत नेता येते का? ध्वनिक्षेपक, बॅण्ड किंवा शालेय सहली त्या दिवशी आहेत का? शांत बसायला एखादी खोली वा कोपरा आहे का? शक्य असल्यास घरातील एकाने आधी जाऊन पाहणी करावी आणि छायाचित्रे काढून आणावीत. ती पुढील टप्प्यात उपयोगी पडतात.

मुलाची पूर्वतयारी

अचानकपणा हा अनेक विशेष मुलांचा शत्रू आहे. 'चला, आज मज्जा करू' एवढ्याने काम भागत नाही. चार-पाच दिवस आधीपासून सहलीची चित्रमालिका तयार करावी : घर, रिक्षा, तिकीट, हत्ती, डबा, पुन्हा घर. रोज झोपण्यापूर्वी ती गोष्टीसारखी सांगावी. शेवटचे चित्र घराचेच असावे, कारण 'हे संपणार आहे आणि आपण परत येणार आहोत' हा दिलासा मुलाला हवा असतो. जे घडेल याची खात्री नाही, त्याचे वचन देऊ नये. वाघ गुहेत झोपला असेल तर काय, हेही गोष्टीत सांगून ठेवावे.

रांगेत थांबण्याचा सराव घरीच करता येतो. घड्याळात दोन मिनिटे लावावीत, नंतर पाच. टोपी, नवे बूट, कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन यांची सवय आधीच करून घ्यावी. सहलीच्या दिवशी मुलाच्या अंगावर नवी वस्तू एकही नसावी, हा साधा नियम पाळला तरी निम्मी चिडचिड टळते.

प्रवासाचे गणित

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असतो. तो फलाटावर नेमका कोठे थांबतो, हे आधी पाहून ठेवावे. रविवारचा बेत असेल तर मेगाब्लॉकची माहिती आदल्या दिवशी घ्यावी. मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहने असल्याने चाकाच्या खुर्चीसाठी हा प्रवास तुलनेने सुकर ठरतो. लांब पल्ल्याच्या रेल्वेत बौद्धिक दिव्यांग, पूर्णतः दृष्टिहीन आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तींना, तसेच त्यांच्या एका सोबत्याला बहुतेक वर्गांत ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. त्यासाठी रेल्वेचे सवलत ओळखपत्र आधीच काढून ठेवावे लागते. एसटीच्या साध्या गाडीतही ठरावीक टक्केवारीपुढील दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते.

खासगी वाहन असल्यास मुलाच्या बाजूच्या दाराला बालकुलूप लावावे. गाडी लागत असेल तर पुढे पाहता येईल असे बसवावे आणि निघण्यापूर्वी हलके खायला द्यावे. जेवण, औषध आणि झोप यांच्या वेळा प्रवासात मोडणार नाहीत, असेच वेळापत्रक आखावे.

पिशवीत काय असावे?

- रोजची औषधे, त्यांच्या चिठ्ठीची प्रत आणि एक जादा मात्रा. फिट येणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांनी दिलेले तातडीचे औषध.
- दिव्यांगत्वाचे कार्ड आणि आधार कार्ड यांच्या प्रती.
- मुलाच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक आणि 'मला बोलता येत नाही, कृपया या क्रमांकावर कळवा' अशी मराठी, हिंदी व इंग्रजीतील चिठ्ठी.
- कपड्यांचे दोन जोड, डायपर, प्लॅस्टिकची चादर, ओले रुमाल.
- ओळखीच्या चवीचा घरचा डबा आणि मुलाचा नेहमीचा पेला.
- हेडफोन, गॉगल, टोपी आणि आवडती वस्तू, मग ती जुन्या टॉवेलचा तुकडा का असेना.
- संवादासाठी चित्रांची कार्डे : पाणी, शू, दमलो, घरी.

मोठ्या वयाच्या मुलांचे कपडे बदलण्यासाठी आपल्याकडील सार्वजनिक स्वच्छतागृहांत क्वचितच सोय असते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आईने कोणत्या बाजूला जावे, हाही प्रश्न असतो. अशा वेळी व्यवस्थापनाकडे प्रथमोपचाराची खोली किंवा कर्मचाऱ्यांची खोली मागण्यास संकोच करू नये.

दिवसाचा आराखडा

तिकिटाचे पैसे वसूल करण्याची घाई सहलीचा घात करते. दोन-अडीच तास प्रत्यक्ष ठिकाणी आणि उरलेला वेळ प्रवास, जेवण व विश्रांती, एवढे पुरेसे आहे. आत शिरताच बाहेर पडण्याचा मार्ग, स्वच्छतागृह आणि शांत कोपरा या तीन गोष्टी हेरून ठेवाव्यात. दर पाऊण तासाने विश्रांती घ्यावी, मूल मजेत असले तरीही. मोठी माणसे किमान दोन असावीत आणि 'आत्ता मुलाजवळ कोण' हे शब्दांत ठरलेले असावे. सगळ्यांचे लक्ष असते तेव्हा प्रत्यक्षात कोणाचेच नसते, हा अनुभव घराघरांतला आहे.

अडचणीचे प्रसंग

सकाळी निघण्यापूर्वी मुलाचे त्या दिवसाच्या कपड्यांतील छायाचित्र मोबाइलवर काढावे. मूल नजरेआड झाले तर वर्णन करत बसण्यापेक्षा ते दाखवणे सोपे जाते. शोध पाण्याच्या आणि रस्त्याच्या दिशेने आधी सुरू करावा. सुरक्षारक्षकांना तत्काळ सांगून प्रवेशद्वारावर माणूस उभा करावा. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

गोंधळ आणि गलबला असह्य होऊन मूल किंचाळू लागले, जमिनीवर लोळले, तर तो हट्ट नसतो. त्या क्षणी समजावणे, ओरडणे वा आमिष दाखवणे व्यर्थ असते. शब्द कमी करावेत, गर्दीपासून दूर न्यावे आणि शांत होईपर्यंत जवळ बसून राहावे. त्यानंतर घरी परतण्याचा निर्णय घ्यावा लागला तर ती हार मानू नये.

फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा वा बोट घालू नये. भोवती जमलेले लोक कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा आग्रह धरतील, त्यांना ठामपणे दूर ठेवावे. त्याचा काहीही उपयोग नसतो. झटके पाच मिनिटांहून अधिक काळ टिकले, लागोपाठ आले किंवा ही पहिलीच फिट असली, तर रुग्णालय गाठावे.

आणि मग लोकांच्या नजरा. काही जण टक लावून पाहतात, काही 'चक् चक्' करतात, काही उपाय सुचवतात. प्रत्येकाला उत्तर देण्याची जबाबदारी पालकांवर नाही. 'त्याला आवाजाचा त्रास होतो, थोडी जागा द्या' असे एक वाक्य तयार ठेवावे आणि तेवढेच बोलावे. लहान मुले मात्र कुतूहलाने विचारतात, त्यांना सरळ उत्तर द्यावे. 'तो बोलत नाही, पण त्याला चेंडू आवडतो' एवढ्यावर अनेकदा खेळ सुरू होतो.

भावंडांचा वाटा

विशेष मुलाच्या भावंडाला 'तू समजूतदार आहेस' हे वाक्य फार लवकर ऐकावे लागते. सहलीत त्याचाही एक तास असावा. दोघांपैकी एका पालकाने त्याला हवा तो पाळणा, हवे ते आइस्क्रीम, हवी तेवढी धावपळ करू द्यावी. त्याला राखणदाराचे काम देऊ नये. आजी-आजोबांना बरोबर न्यायचे असल्यास मुलाची दिनचर्या, वर्ज्य पदार्थ आणि अडचणीच्या वेळी काय करायचे हे आधीच सांगावे. प्रेमापोटी भरवलेला एक लाडू किंवा 'एवढ्याने काय होते' हा शेरा दिवस बिघडवू शकतो.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नये. मुलाला थकवा उतरवण्यासाठी मोकळा दिवस हवा असतो. सहलीची छायाचित्रे क्रमाने लावून ती पुन्हा पाहावीत, म्हणजे पुढच्या वेळी तीच चित्रमालिका तयार मिळते. वहीत दोनच रकाने लिहावेत : काय आवडले आणि काय जड गेले. तीन-चार सहलींनंतर ही वही कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा अधिक उपयोगी ठरते. ज्या ठिकाणी सोय चांगली होती त्यांना तसे लेखी कळवावे आणि जेथे उतरण वा स्वच्छतागृह नव्हते तेथेही तक्रारवहीत नोंद करावी. एका कुटुंबाची नोंद दुर्लक्षिली जाईल, दहा कुटुंबांची जाणार नाही.

पहिली सहल कदाचित चाळीस मिनिटांतच संपेल. दुसरी तासभर चालेल. बागेच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणे हीदेखील एक सहल आहे, कारण त्या दिवशी सारे घर एकत्र बाहेर पडलेले असते.